कादंबरीतला टोबी आणि रोजनिशीतला बायरन

‘इतिहासावरचं काहीतरी थरारक सांगा, नवीन असेल तर उत्तम,’ असं कुणी म्हटलं की नाव सुचवण्याआधी विचारून घ्यावं लागतं: कादंबरी हवी की नॉन-फिक्शन? यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, ‘ऐतिहासिक आहे ना, मग खरंच असणार की!’ असं वाटण्यात वाचकाचा फारसा दोष नाही. दोन्ही प्रकारांची पुस्तकं हल्ली दिसायला सारखीच असतात. मुखपृष्ठावर वादळातलं जहाज, पहिल्याच पानावर संकट, प्रकरण संपतं ते नेमकं उत्कंठेच्या टोकावर. नॉन-फिक्शनवाल्यांनी कादंबरीकारांकडून प्रसंग रंगवण्याची कला उचलली आणि कादंबरीकार दफ्तरखान्यात जाऊन बसू लागले. मग फरक उरला कुठे?

एकाच घटनेवरची दोन पुस्तकं शेजारी ठेवली की तो चटकन दिसतो, आणि त्यासाठी ‘वेजर’ या जहाजाइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

स्पेनशी युद्ध चालू असताना १७४० च्या सप्टेंबरात कमोडोर जॉर्ज अ‍ॅन्सनचा आरमारी तांडा इंग्लंडहून निघाला. स्पेनचं खजिना वाहणारं जहाज गाठून लुटायचं, हा त्यांचा मुख्य मनसुबा. ‘वेजर’ त्या तांड्यातलंच. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला असलेल्या केप हॉर्नच्या वादळांनी आणि स्कर्व्ही या आजाराने माणसं आधीच अर्धमेली झाली होती. १४ मे १७४१ रोजी ‘वेजर’ पॅटागोनियाच्या किनाऱ्याजवळ, म्हणजे आजच्या चिलीत, खडकावर आदळलं. सुमारे दीडशे माणसं एका ओसाड बेटावर उतरली. खायला शिंपले, समुद्री शेवाळ आणि रानटी सेलरी. उपासमारीने शिस्त मोडली. कॅप्टन डेव्हिड चीपने हेन्री कोझेन्स या मिडशिपमनवर, म्हणजे शिकाऊ अधिकाऱ्यावर, थेट गोळी झाडली आणि त्या जखमेने तो पुढे मेला. तोफखान्याचा प्रमुख जॉन बल्कली याच्याभोवती विरोधी गट जमला. सुताराने मोठी होडी वाढवून लांब केली होती. तिच्यासह आणखी लहान होड्या घेऊन ८१ जण कॅप्टनला मागे टाकून निघाले. मॅगेलनच्या सामुद्रधुनीतून जायचा त्यांचा बेत सर जॉन नारबरोचं जुनं प्रवासवर्णन वाचून ठरला होता! जानेवारी १७४२ मध्ये ते ब्राझीलच्या किनाऱ्याला लागले तेव्हा होडीत ३० माणसं उरली होती. चीप, जॉन बायरन हा दुसरा मिडशिपमन आणि आणखी थोडेजण उलट्या दिशेने, चिलीमार्गे, हाल सोसत १७४६ मध्ये इंग्लंडला पोचले. मग एक बाजू म्हणू लागली कॅप्टन खुनी, आणि दुसरी म्हणू लागली हे सगळे बंडखोर.

या घटनेवर डेव्हिड ग्रान यांचं ‘द वेजर’ हे नॉन-फिक्शन २०२३ मध्ये आलं. त्याच्या कितीतरी आधी, १९५९ मध्ये, पॅट्रिक ओब्रायन यांनी ‘द अननोन शोअर’ ही कादंबरी लिहिली. जहाज तेच, बेट तेच, बायरनही तोच. हा जॉन बायरन म्हणजे कवी बायरनचा आजोबा. बोटीवर चढला तेव्हा तो जेमतेम सोळा वर्षांचा होता.

ग्रान यांचं पुस्तक वाचताना कादंबरीच वाचतोय असं वाटतं, पण त्यांचे हात बांधलेले असतात. बायरनचा कुत्रा हा त्यातला प्रसंग पाहा. बेटावर बायरनला एक कुत्रा भेटला आणि त्याचा लाडका झाला. भुकेल्या खलाशांनी त्याला मारून खाल्लं. काही आठवड्यांनी स्वतः बायरन त्या जागी परत गेला आणि तिथे टाकून दिलेले कुजके पंजे आणि कातडं त्याने खाल्लं. हे आपल्याला ठाऊक आहे कारण बायरनने पुढे, १७६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या कथनात, तसं लिहून ठेवलं. ते पंजे तोंडात घालताना त्याच्या मनात काय चाललं होतं, हे बायरनने सांगितलं तेवढंच ग्रान सांगू शकतात. तो जिथे थांबतो तिथे त्यांनाही थांबावं लागतं. बल्कलीने इंग्लंडला पोचल्यावर, १७४३ मध्येच, सुतार कमिन्सबरोबर आपली रोजनिशी छापून टाकली होती. ग्रान ती आणि विरुद्ध बाजूची कथनं समोरासमोर मांडतात आणि खरं कोण हा निवाडा बराचसा वाचकावर सोपवतात. ते स्वतः त्या बेटावर जाऊन आले, पण तरीही १७४१ मधला एकही संवाद त्यांना पदरचा घालता येत नाही.

ओब्रायन यांना तसली आडकाठी नाही. त्यांनी बायरनला सरळ एक मित्र देऊन टाकला, टोबायस बॅरो. हा टोबी शल्यविशारदाचा मदतनीस, पशुपक्ष्यांच्या नादात जगाचं भान हरपलेला. असा माणूस ‘वेजर’वर कधी नव्हता. पण त्याच्यामुळे दोन पोरांच्या गप्पा, थट्टा, मैत्री, जे काही कुठल्याच रोजनिशीत उतरलं नव्हतं, ते सगळं कादंबरीत येऊ शकलं. ओब्रायन यांची ऑब्री-मॅट्युरिन ही आरमारी कादंबऱ्यांची मालिका वाचणाऱ्यांना त्या जोडगोळीचं बीज इथेच सापडेल. मला विचाराल तर भुकेची दाहकता ग्रान यांच्याकडे जास्त आहे. संगतसोबत मात्र ओब्रायन यांच्याकडेच.

तेव्हा पुस्तक हातात आल्यावर आधी अवतरणचिन्हं बघावीत. नॉन-फिक्शनमध्ये ती असली की ते शब्द कुणीतरी पत्रात, साक्षीत, रोजनिशीत लिहिलेले असायला हवेत. कादंबरीत ते लेखकाचे. मागची संदर्भसूची बघून ठरवू नये, कारण आपल्याकडे कित्येक ऐतिहासिक कादंबऱ्यांनाही चांगली लांबलचक सूची असते आणि ती पाहून वाचकाला वाटतं की झालं, हा इतिहासच. सूची सांगते लेखकाने काय वाचलं. या पानावरचं हे वाक्य कुठून आलं, ते सांगतात टिपा. चांगल्या नॉन-फिक्शनमध्ये पानापानाच्या टिपा असतात. कादंबरीत त्या नसतात, आणि नसल्या तर बिघडतही नाही.

सह्याद्रीत भटकणाऱ्या मित्रांना मी दुसरी जोडी सुचवतो, एव्हरेस्टची. ८ जून १९२४ रोजी जॉर्ज मॅलरी आणि सँडी अर्विन हे ब्रिटिश गिर्यारोहक शिखराच्या दिशेने जाताना शेवटचे दिसले. मॅलरीचा मृतदेह १९९९ मध्ये सापडला, पण तो शिखरावर पोचला होता का, हे आजही कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. बायकोचा फोटो शिखरावर ठेवायचा त्याचा इरादा होता, असं सांगतात. तो फोटो त्याच्या अंगावर मिळाला नाही, आणि त्या दोघांजवळचा कॅमेराही हाती लागलेला नाही. जेफ्री आर्चर यांनी ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’ (२००९) मध्ये मॅलरीला खुशाल शिखरावर नेऊन पोचवलं. कादंबरीकाराचा हक्कच तो. वेड डेव्हिस यांचं ‘इन्टू द सायलेन्स’ (२०११) मात्र तिथवर जात नाही आणि त्याला ती घाईही नाही. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांतून जिवंत परतलेली ही पिढी मरणाकडे कशी बघत होती, हा त्याचा खरा विषय. पुस्तक जाडजूड आहे. तिबेटमधल्या वाटचालीची प्रकरणं तर दमवतात, पण तीच मला सर्वांत आवडली.

ज्यांना साहसापेक्षा माणसाच्या आतलं हवंय त्यांनी कादंबरीकडेच वळावं. मॅगी ओफॅरेल यांच्या ‘हॅम्नेट’ (२०२०) मागे कागदोपत्री पुरावा अगदी तुटपुंजा. शेक्सपिअरचा अकरा वर्षांचा मुलगा हॅम्नेट, ऑगस्ट १५९६ मध्ये त्याच्या दफनाची स्ट्रॅटफर्डच्या नोंदवहीत केलेली नोंद, आणि मृत्यूचं कारण कुठेच नाही. लेखिकेने प्लेग धरला, आईला मध्यभागी आणलं आणि बापाचं नाव पुस्तकभर एकदाही घेतलं नाही. एवढ्याशा पुराव्यावर नॉन-फिक्शन उभं करायला गेलात तर एक लेख होईल, तोही ‘कदाचित’ आणि ‘बहुधा’ यांनी भरलेला.

मराठीत या दोन टोकांच्या मधलं एक पुस्तक आहे, आणि ते कुठल्याच कप्प्यात नीट बसत नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेकडे निघाले, थेट बंडात सापडले आणि झाशीच्या वेढ्यात अडकले. लुटालुटीत कमाई गेली, तरी आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन ते घरी परतले. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये छापला, तो फेरफार करून. मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये पुढे आणली. कादंबरी नव्हे, पण दफ्तरी इतिहासही नव्हे. डोळ्यांनी पाहिलेलं आणि वाटेत ऐकलेलं त्यात शेजारी शेजारी नांदतं, शिवाय हे लिहिलं गेलं कितीतरी वर्षांनंतर. वाचताना ‘हे भटजींनी पाहिलं की ऐकलं?’ असं मधूनमधून विचारत राहिलं की पुस्तक दुप्पट रंगतं. वेढ्यातली झाशी त्यांनी पाहिलेली आहे. ती प्रकरणं कुठल्याही कादंबरीच्या तोंडात मारतील.

पानिपतावर आपल्याकडे दोन्ही आहे. विश्वास पाटील यांची कादंबरी घराघरात पोचली, इतिहासकार शेजवलकरांचा ग्रंथ त्या मानाने फार थोड्यांनी उघडला. कादंबरी वाचून ज्यांना ‘भाऊसाहेब असं का वागले?’ हा प्रश्न छळतो, त्यांनी शेजवलकर घ्यावेत. ज्यांना तो छळत नाही त्यांना आग्रह करण्यात अर्थ नाही.

अगदी नवं आणि समुद्रावरचंच हवं असेल तर हॅम्प्टन साइड्स यांचं ‘द वाइड वाइड सी’ (२०२४) घ्या. कॅप्टन कुकची तिसरी सफर आणि १४ फेब्रुवारी १७७९ ला हवाईत झालेला त्याचा अंत. आणि ‘वेजर’ची दोन्ही पुस्तकं वाचणार असाल तर ग्रान आधी, ओब्रायन नंतर. उलट केलंत तर टोबी इतका आवडून जातो की ग्रान यांच्या पुस्तकात तो कधी येतोय याची वाट बघत बसाल, आणि तो येणार नाही.