हेडसर कडक, म्हणून शाळा चांगली?

ॲडमिशनचे दिवस आले की सदाशिव पेठेपासून कोथरूडपर्यंत एकच वाक्य फिरतं: ‘हेडसर कडक आहेत, डोळे झाकून घाला.’ हा समज फार तर अर्धा खरा आहे.

शिस्त लागतेच; दंगा चालू असेल तर शिकवणार कोण? पण शिक्षण-संशोधक व्हिव्हियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये आधीचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा मुलांच्या शिकण्यावर सर्वांत मोठा परिणाम दिसला तो मुख्याध्यापक शिक्षकांच्या शिकण्यात स्वतः उतरतात तिथे. शिस्तीचा परिणाम त्याहून बराच कमी.

म्हणजे कसं? समजा, सहावीच्या अर्ध्या वर्गाने 1/2 + 1/3 = 2/5 लिहिलंय. एका शाळेत बाई वह्या लाल करतात, विषय संपला. दुसरीत त्याच वह्या स्टाफरूमच्या टेबलावर येतात, हेडबाई खुर्ची ओढून बसतात, ‘तुमच्या तुकडीतही असंच का हो?’ म्हणून विचारतात आणि उद्याचा तास बदलतो. ‘मला हे शिकवायला जमत नाहीये’ असं शिक्षकाला बिनधास्त म्हणता येणं, ही शाळेची संस्कृती. गेटवरच्या छडीत ती दिसत नाही. (छडीला तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदीच आहे!)

शाळा बघायला गेलात तर एवढंच विचारा: इथले शिक्षक एकमेकांच्या तासाला बसतात का?