डुलुथच्या कोपऱ्यावरची तीन नावं

12 जून 2020 रोजी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या माफी मंडळाने बलात्काराच्या आरोपात सजा झालेल्या मॅक्स मेसन या कृष्णवर्णीय सर्कस कामगाराला माफी दिली. मेसन कधीच वारले होते. मरणोत्तर माफी देण्याची या राज्याची ही पहिलीच वेळ. मिनिआपोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड यांचा जीव गेल्याला तेव्हा जेमतेम अठरा दिवस झाले होते. मेसन यांच्या माफीसाठी झटलेले वकील जेरी ब्लॅकवेल पुढच्याच वर्षी फ्लॉइड खटल्यात सरकार पक्षातर्फे उभे राहिले. मेसन यांचं प्रकरण मात्र शंभर वर्षांपूर्वीचं होतं, आणि ते घडलं राज्याच्या उत्तरेला, सुपीरियर सरोवराकाठच्या डुलुथ या बंदरात.

1920 साली डुलुथची वस्ती लाखाच्या घरात होती. त्यात कृष्णवर्णीय सुमारे पाचशे. झुंडीने माणसं झाडाला टांगणं हे दक्षिणेतल्या राज्यांचं पाप, आपलं नव्हे, असं इथल्या गोऱ्यांना मनापासून वाटायचं. दरम्यान पोलाद कारखान्याने दक्षिणेतून कृष्णवर्णीय मजूर आणले होते आणि पहिल्या महायुद्धावरून परतलेल्या गोऱ्या कामगारांत त्यावरून धुसफूस सुरू होती.

14 जूनला गावात एका दिवसासाठी सर्कस आली. रात्री तिथे गेलेल्या एकोणीस वर्षांच्या एका तरुणीवर सर्कशीतल्या कृष्णवर्णीय कामगारांनी बलात्कार केल्याचा आरोप झाला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिला तपासलं, तेव्हा अत्याचाराची कुठलीही खूण आढळली नाही. पण तोवर सहाजण कोठडीत गेले होते आणि मुलगी मेली अशी आवई गावभर पसरली होती.

15 जूनच्या रात्री पाच ते दहा हजारांचा जमाव पोलीस ठाण्यावर चालून गेला. गोळी झाडायची नाही, असा पोलिसांना वरून हुकूम होता. दारं-भिंती फोडून कैदी बाहेर काढले, तिथेच खटल्याचं सोंग उभं केलं. एक कॅथलिक धर्मगुरू खांबावर चढून लोकांना विनवत राहिले; त्यांना खाली ओढलं. आयझॅक मॅगी, मग एल्मर जॅक्सन, मग इलायस क्लेटन. फर्स्ट स्ट्रीट आणि सेकंड अव्हेन्यू ईस्टच्या चौकातल्या दिव्याच्या खांबाला तिघांना फाशी दिलं. मराठीत गेल्या काही वर्षांत ‘झुंडबळी’ हा शब्द रुळला आहे. त्याचा अर्थ या रात्रीइतका स्पष्ट क्वचितच दिसतो.

त्या रात्रीचा एक फोटो आहे. दोन देह खांबाला लटकलेले, तिसरा खाली जमिनीवर. भोवती टोप्या घातलेले पुरुष. मागच्या रांगेतले माना उंचावून, पुढे झुकून कॅमेऱ्याकडे बघताहेत. आपला चेहरा फोटोत आलाच पाहिजे, अशी त्यांची धडपड दिसते. काहींच्या चेहऱ्यावर हसू आहे. कुणी तोंड लपवलेलं नाही. या फोटोची पोस्टकार्डं छापून विकली गेली. इतके चेहरे ओळखता येत असताना खुनाबद्दल एकालाही शिक्षा झाली नाही. दंगल केल्याबद्दल तिघे दोषी ठरले आणि त्यांतला एकही पंधरा महिन्यांहून जास्त आत राहिला नाही.

मेसन यांना मात्र त्याच बलात्काराच्या आरोपाखाली सात ते तीस वर्षांची सजा झाली. 1925 साली राज्य सोडून जाण्याच्या अटीवर त्यांना सोडलं. या सगळ्यातून एक चांगली गोष्ट लवकर घडली. नेली फ्रान्सिस या कृष्णवर्णीय कार्यकर्तीने पाठपुरावा केला आणि 1921 साली मिनेसोटाने झुंडबळीविरोधी कायदा केला. संपूर्ण देशासाठी तसा कायदा व्हायला 2022 साल उजाडलं.

पुढे शहराने तोंड शिवून घेतलं. घडलेलं कुणाला ठाऊक नव्हतं असं म्हणता येत नाही, हजारो डोळ्यांसमोर घडलं होतं. घराघरांत माहिती असलेली गोष्ट पोरांना सांगायची नाही, असं जणू ठरून गेलं. या मौनाला मी अपघात मानत नाही. ते पिढ्यान्‌पिढ्या जपलं गेलं. 1979 साली डुलुथच्याच एका लेखकाने या घटनेवर पुस्तक लिहिलं, तरी फारसं कुणी हललं नाही. तिघांच्या कबरी पार्क हिल दफनभूमीत निनावी होत्या. 1991 साली तिथे नावांच्या शिळा बसल्या. त्यांवर कोरलं आहे: रोखले गेले, पण हरले नाहीत.

2000 साली काही नागरिकांनी एकत्र येऊन स्मारकासाठी समिती स्थापन केली. 10 ऑक्टोबर 2003 रोजी, खांब होता त्या जागेच्या समोरच्याच कोपऱ्यावर, स्मारक उघडलं. भिंतीतून बाहेर येत असलेले तीन कांस्य पुतळे, माणसापेक्षा थोडे उंच. शिल्पकार कार्ला स्टेटसन यांच्यापुढे अडचण होती: या तिघांचे जिवंतपणीचे फोटोच नव्हते. मारणाऱ्यांचे चेहरे जगाला दिसत होते आणि मेलेल्यांचे नाहीत. म्हणून त्यांनी गावातल्या माणसांना समोर बसवून ते चेहरे घडवले.

पुढे शहराचे पोलीस प्रमुख झालेले माइक टस्कन हे, जिच्यावरच्या बलात्काराच्या आरोपातून हे सगळं घडलं, त्याच तरुणीच्या घराण्यातले. त्यांनी हे नातं उघडपणे मान्य केलं आणि मेसन यांच्या माफीला पाठिंबा दिला.

स्मारकाच्या उद्घाटनाला वॉरन रीड नावाचे शिक्षकही आले होते. घराण्याची माहिती शोधताना त्यांना कळलं होतं, की दंगलीबद्दल तुरुंगात गेलेल्या तिघांतला एक आपला पणजोबा. लोकांसमोर उभं राहून त्यांनी माफी मागितली. मग ते मारल्या गेलेल्यांच्या नातलगांचा शोध घेऊ लागले. तो शोध त्यांना मिझुरीतल्या पेनीटाउनला घेऊन गेला. गुलामीतून सुटलेल्यांनी वसवलेली ही लहानशी वस्ती. एल्मर जॅक्सन तिथले होते, आणि त्यांची माणसं रीड यांना भेटली.