नावात वजन आहे, दाणा नाही : काळ्या दारूच्या काडतुसांची पार्श्वभूमी

अमेरिकी लष्कराने १८७३ साली स्वीकारलेल्या रायफलीच्या काडतुसाची ओळख तीन आकड्यांची होती : ४५-७०-४०५. नळीचा व्यास ०.४५ इंच, दारू ७० ग्रेन, शिशाची गोळी ४०५ ग्रेन. ग्रेन हे वजनाचे माप, ७० ग्रेन म्हणजे जेमतेम साडेचार ग्रॅम. काडतूस भरायला लागणारे सगळे या तीन आकड्यांत आले असे वाटते. पण दारूचा दाणा केवढा असावा, हे त्यांत कुठेच नाही. त्या काळच्या रायफली आजही हौसेने चालवणारी अमेरिकेतली आणि युरोपातली मंडळी दाणा एक एफचा, दीड एफचा की दोन एफचा (एफ ही दाण्याच्या बारीकपणाची खूण) यावर तासन् तास वाद घालतात, त्याचे मूळ या न सांगितलेल्या चौथ्या आकड्यात आहे.

आधी दाणा आला कुठून ते पाहू. सुरुवातीची काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांचे निव्वळ पीठ. पिठाची अडचण अशी की ते घट्ट ठासले तर आग आत शिरायला वाट उरत नाही, सैल ठेवले तर परिणाम दर वेळी वेगळा. शिवाय पीठ हवेतली ओल लवकर धरते. पंधराव्या शतकात युरोपात हे मिश्रण ओलवून, दाबून, वाळवून, फोडून चाळणीतून काढायला लागले. दाण्यादाण्यांमध्ये फटी राहिल्या, त्या फटींतून ज्योत क्षणात सगळीकडे पोचू लागली. मसाला तोच, वजन तेच, पण जोर वाढला. इतका की पिठासाठी ओतलेल्या जुन्या तोफांना दाणेदार दारू झेपेना.

मग लक्षात आले की दाण्याचा आकार हाच लगाम आहे. दाणा बाहेरून आत जळत जातो. बारीक दाण्यांचा एकूण पृष्ठभाग जास्त, म्हणून ते भरकन जळतात आणि दाब एकदम चढतो. जाड दाणा सावकाश जळतो, दाब रेंगाळत वाढतो. वाण्याकडे जाडा रवा आणि बारीक रवा वेगळा मिळतो तशीच ही विभागणी : तोफेला जाड, बंदुकीला मध्यम, पिस्तुलाला बारीक आणि कान्यावर, म्हणजे बत्ती लावायच्या भोकावर, घालायची ती सगळ्यांत बारीक. या शेवटच्या दारूला आपल्याकडे ‘रंजक’ असा स्वतंत्र शब्द आहे. म्हणजे दाण्याचा हिशेब आपल्या बंदूकधाऱ्यांनाही ठाऊक होता, तो कागदावर सूत्र म्हणून आला नाही इतकेच.

युरोपात सूत्र यायलाही वेळ लागला, आणि त्याला कारण मोजमापाचे एक फसवे यंत्र होते. फ्रान्समध्ये १६८६ पासून दारूची परीक्षा एका छोट्या उखळी तोफेने होई. ठरावीक दारूने ठरावीक गोळा किती लांब जातो ते पाहायचे, लांब गेला तर दारू उत्तम. पण आखूड नळीत जी भरकन जळेल तीच जिंकणार. लांब नळीच्या शस्त्राला कोणती दारू मानवेल हे ती परीक्षा सांगूच शकत नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात गोळीचा वेग विजेच्या साहाय्याने मोजता येऊ लागला, नळीतला दाब मोजायची साधने आली, तेव्हा कुठे हा भ्रम फिटला.

दाब मोजणाऱ्यांत अमेरिकी तोफखान्याचा अधिकारी थॉमस रॉडमन अग्रणी. त्याचा विचार साधा होता : भरीव दाणा जळत गेला की लहान होतो, म्हणजे वायू सर्वांत जास्त लागतो तेव्हाच तो कमी निघतो. दाण्याला आरपार भोके पाडली तर भोके आतून जळत मोठी होतील आणि पृष्ठभाग घटणार नाही. त्याने दारूच्या सच्छिद्र वड्या करून पाहिल्या, आणि १५ इंची तोफेसाठी ‘मॅमथ’ नावाची अगडबंब दाण्याची दारू वापरात आली. ही तोफांची गोष्ट असली तरी लक्षात ठेवावी, पुढे ती एका चिमुकल्या काडतुसात परत येते.

दरम्यान दारू हा मोठा धंदा झाला होता. सोरा मुख्यतः बिहारचा. प्लासीनंतर त्याच्या व्यापारावर ईस्ट इंडिया कंपनीची पकड बसली आणि इंग्लंडच्या दारूचा तीन चतुर्थांश भाग गंगेकाठच्या मातीतून जाऊ लागला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली तेव्हा उत्तरेच्या सरकारने सोरा विकत घ्यायला दारू बनवणाऱ्या द्यू पाँ घराण्यातल्या लामो द्यू पाँला लंडनला पाठवले. घराण्याच्या या धंद्याचा मूळ पुरुष एल्यूथेर इरेने रसायनशास्त्रज्ञ लाव्वाझिएच्या हाताखाली फ्रेंच सरकारी कारखान्यात शिकला होता. त्याने १८०२ मध्ये डेलावेअरमधल्या ब्रँडिवाइन नदीकाठी स्वतःची गिरणी घातली. अमेरिकी गिरण्यांच्या डब्यांवर एफ, एफएफ, एफएफएफ अशी चढती खूण असे. एफ म्हणजे फाइन, जितके एफ जास्त तितका दाणा बारीक. पण एका गिरणीची एफएफ दुसरीच्या एफएफसारखी असेलच याची हमी नव्हती. म्हणून नेमबाज अक्षरांपेक्षा नावांवर जात : हॅझर्डची ‘केंटकी रायफल’, लाफ्लिन अँड रँडची ‘ऑरेंज लाइटनिंग’, इंग्लंडात कर्टिस अँड हार्वीची ‘नंबर ६’.

धातूच्या काडतुसाने निवडीचा प्रश्नच बदलला. ठासणीच्या बंदुकीत दारू शिंगातून ओतायची, आज थोडी जास्त, उद्या थोडी कमी, जाड वाटली तर दुसरी. पितळी पुंगळीत मात्र जागा ठरलेली. तिच्यात पोकळी ठेवायची नाही, म्हणून दारू भरून, वर चकती ठेवून, गोळी बसवताना थोडी दाबायची. मागे ठिणगी देणारी टोपी, पुढे जड गोळी, मध्ये कोंडलेली दारू. या कोंडमाऱ्यात बारीक दाणा तोफेइतका धोकादायक नसला तरी धक्का वाढवतो आणि दर गोळीला दाब थोडा वेगळा देतो. फार जाड दाणा पूर्ण जळायच्या आत गोळी नळीबाहेर पडते. त्यात भर काजळीची. नोबल आणि एबल या दोघा ब्रिटिश संशोधकांनी १८७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काळ्या दारूच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता घन अवशेष म्हणून उरतो असे दाखवले. हा अवशेष नळीतल्या पिळदार चरांत बसतो, आणि तो मऊ राहतो की कडक होतो यावर पुढच्या गोळीचे भवितव्य ठरते.

लष्करांनी यावर सरकारी उत्तर काढले : दारूला शस्त्राचेच नाव द्यायचे. ब्रिटिशांच्या मार्टिनी-हेन्री रायफलीच्या काडतुसात ८५ ग्रेन दारू असे आणि तिला ‘आर.एफ.जी. २’ म्हणत, म्हणजे रायफल फाइन ग्रेन. वॉल्थम अ‍ॅबीच्या सरकारी गिरणीत बंदुकीच्या दारूसाठी कोळसाही निवडक, डॉगवुड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या झुडपाचा. दाणा, घनता आणि कोळसा हे तिन्ही एकत्र ठरले होते. फक्त दाण्याचा आकार जुळवून ती दारू आज हुबेहूब मिळत नाही, हे अनेकजण विसरतात.

नेमबाजांच्या दुनियेत निकाल लागला तो न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर मैदानावर, २६ सप्टेंबर १८७४ रोजी. आयर्लंडचा संघ ठासणीच्या रिग्बी रायफली घेऊन आला होता, अमेरिकी संघाकडे मागून काडतूस घालायच्या रेमिंग्टन आणि शार्प्स. अंतरे ८००, ९०० आणि १००० यार्ड. लांब पल्ल्याला मागून भरायची रायफल तग धरणार नाही, असा जाणकारांचा होरा होता. आयरिश नेमबाज मिल्नरने अचूक मध्य साधला, पण शेजारच्या निशाण्याचा. अमेरिकेच्या कर्नल बोडाइनचा हात जिंजर बिअरची बाटली फुटून रक्ताळला होता, त्याच हाताने त्याने शेवटची गोळी लागू केली. गुण ९३४ विरुद्ध ९३१. मला मिल्नरची चूक पाहून हळहळ वाटते, पण इतिहासाच्या दृष्टीने मोठी गोष्ट ही की निगुतीने भरलेले काडतूस ठासणीच्या बरोबरीने उभे राहिले. तिथून पुढे वजनाइतकेच दाण्यालाही महत्त्व आले.

मात्र हा काळ दीड दशकच टिकला. पॉल व्हिएयने १८८४ मध्ये फ्रान्समध्ये बिनधुराची दारू बनवली आणि १८८६ ची लबेल रायफल तिच्यावर चालली. ब्रिटिशांची .३०३ लीमेटफर्ड १८८८ मध्ये आली तेव्हा मात्र त्यांच्याकडे बिनधुराची दारू तयार नव्हती. बारीक नळी, लांबट पुंगळी आणि हाताशी काळी दारू. मग त्यांनी काळ्या दारूची दाबून एकच कांडी केली आणि तिच्या मध्यातून आरपार भोक पाडले. रॉडमनची तोफेची युक्ती साडेचार ग्रॅमच्या आसपास उतरली, दाणा मोठा होत होत संपून गेला. १८९१ मध्ये कॉर्डाइट ही त्यांची बिनधुराची दारू आल्यावर कांडीही गेली.

आपल्याकडे या साखळीचा एक दुवा खडकीत आहे. तिथला काडतुसांचा कारखाना १८६९ चा, काळ्या दारूच्या ऐन भरातला. ‘काडतूस’ हा शब्द मात्र पोर्तुगीज ‘कार्तुशो’वरून त्याच्या कितीतरी आधी मराठीत स्थिरावला. काडतुसे घरी भरायचा छंद इथे कोणी सुरू करू नये, शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय ते गुन्हा आहे.

हौशी मंडळींचा आजचा वाद अर्धाअधिक पुरवठ्याचाही आहे. अमेरिकेत काळी दारू बनवणारा प्रमुख कारखाना, लुइझियानातला गोएक्स, २०२१ मध्ये बंद होत असल्याची घोषणा झाली आणि पुढच्या वर्षी तो दुसऱ्या मालकाकडे गेला. त्या मधल्या काळात अनेकजण स्वित्झर्लंडच्या दारूकडे वळले. तिच्या एका डब्यावर ‘१½ एफजी’ असे छापलेले असते, एफ आणि एफएफ यांच्या मधला दाणा. लांब पल्ल्याच्या .४५-७० साठी आज बरेचजण हाच मागतात.