मोतीबिंदू पिकायची वाट बघू नका

डोळे तपासायची गाडी गावात आली की पारावरून हमखास ऐकू येतं, “अजून पिकला नाही, पिकल्यावर बघू.”

हा समज मुळात डॉक्टरांचाच. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं भिंग गढूळ होणं. पूर्वी हे भिंग आवरणासकट अख्खं काढत, जागी काही बसवत नसत. मग जाड भिंगांचा चष्मा जन्माचा. म्हणून नजर पुरती जाईपर्यंत थांबवत. १९४९ साली लंडनमध्ये हॅरल्ड रिडलींनी कृत्रिम भिंग बसवलं. १९६७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून बारीक छेदातून ओढून काढला. या पद्धतीत मोतीबिंदू मऊ असेल तितकं काम सोपं. पिकला की तो कडक होतो. अतीच पिकला तर त्यातला द्रव झिरपून डोळ्याचा दाब वाढू शकतो आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही, हे मला कळकळीने सांगायचंय.

एसटीची पाटी वाचता येईना, तांदळातला खडा दिसेना, रात्री समोरच्या दिव्याभोवती झगमग पसरते? एवढं पुरे, गाडीवर जा. तिथे फक्त तपासणी होते, ऑपरेशन रुग्णालयातच. आणि हो, त्यासाठी थंडीची वाट बघायचीही गरज नाही.