संजय गांधी निराधार अनुदान योजना

कमावता आधार नसलेल्या गरीब रहिवाशांना दरमहा रोख अनुदान देणारी महाराष्ट्र शासनाची योजना. ती १९८० साली सुरू झाली. निधी सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभागाचा असला, तरी अर्ज, चौकशी आणि मंजुरी हा सारा कारभार तहसील कार्यालयातून चालतो. गावाकडे लोक या अनुदानाला सरळ ‘निराधारचा पगार’ म्हणतात.

पंधरा वर्षे महाराष्ट्रात राहिलेल्या, ६५ वर्षांखालील विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, अनाथ मुले, दुर्धर आजारामुळे काम न करू शकणारे, देवदासी, तृतीयपंथी अशांना योजना लागू आहे. ६५ नंतरच्या वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना आहे. तिचे कामही त्याच टेबलावर होते. अनुदान २०१९ मध्ये ६०० वरून १,००० रुपये आणि २०२३ मध्ये १,५०० रुपये झाले. दिव्यांगांसाठी ते २०२५ मध्ये २,५०० रुपये करण्यात आले.

अर्ज सेतू केंद्रात किंवा तहसीलमध्ये भरतात. सोबत वयाचा, रहिवासाचा आणि उत्पन्नाचा दाखला, शिवाय पात्रतेनुसार पतीच्या मृत्यूचा दाखला किंवा दिव्यांग प्रमाणपत्र लागते. तलाठी चौकशी करून अहवाल देतो आणि प्रकरण तालुका समितीपुढे जाते. समितीचा अध्यक्ष अशासकीय, तर तहसीलदार सदस्य सचिव असतो. अशासकीय नेमणुका राजकीय असल्याने सरकार बदलले की समित्या बरखास्त होतात आणि नवी समिती येईपर्यंत प्रकरणे तुंबण्याची तक्रार जुनीच आहे.

खरी अडचण उत्पन्नाच्या अटीत आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे. दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५०,००० आहे. २०२४-२५ मध्ये रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे घरातल्या एकाच माणसाने वर्षात ७१ दिवस हमीवर काम केले, तरी ते घर कागदावर अपात्र ठरते. मोलमजुरी करून पोरे वाढवणारी विधवा २१ हजारांत वर्ष काढूच शकत नाही, हे दाखला देणाऱ्यालाही ठाऊक असते. त्यामुळे पात्रता प्रत्यक्ष परिस्थितीपेक्षा दाखल्यावरच्या आकड्यावर ठरते आणि अर्जदार तो आकडा लिहिणाऱ्याच्या मर्जीवर राहतो. अनुदानाची रक्कम वाढवताना ही मर्यादा तशीच ठेवणे अन्यायाचे आहे.

आता पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात थेट जमा होतात. त्याने मधले हात कमी झाले, हे चांगलेच झाले. मात्र बोटांचे ठसे झिजलेल्यांचे प्रमाणीकरण अडते, आणि खाते आधारशी जोडलेले नसले तर मंजूर असूनही हप्ता थांबतो. लाभार्थ्याला दरवर्षी हयातीचा दाखलाही द्यावा लागतो. तो वेळेत पोहोचला नाही तर अनुदान बंद होते. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी तलाठ्याने घरी जाऊन खात्री केली तरच हे टळते.