बाळाच्या हृदयाचा सीटी: खरी कसरत कॉन्ट्रास्टची

दर शंभर बाळांमागे साधारण एकाच्या हृदयात जन्मतःच काहीतरी दोष असतो, आणि तो शोधायला पहिली तपासणी आजही इकोच, म्हणजे हृदयाचा अल्ट्रासाउंड. पडद्यातलं छिद्र, व्हॉल्व्हची गळती हे इकोत छान दिसतं, रेडिएशनही नाही. मग सीटी, म्हणजे एक्सरेने शरीराच्या आतले छेद दाखवणारा स्कॅन, कशाला? तर अल्ट्रासाउंडच्या लहरी हवेतून आणि हाडातून नीट जात नाहीत, त्यामुळे फुप्फुसांच्या आड गेलेल्या रक्तवाहिन्या इकोला धड दिसत नाहीत आणि सर्जनला नेमकं तेच हवं असतं. महाधमनी कुठे अरुंद झालीय, फुप्फुसाची धमनी किती बारीक आहे, फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरा भलत्याच ठिकाणी तर उघडत नाहीत ना... शिवाय रक्तवाहिन्यांचा वेढा श्वासनलिकेला पडला असेल तर नळी आणि वेढा दोन्ही एकाच चित्रात दिसतात.

आता नवजात बाळाचं हृदय मिनिटाला १२०-१६० वेळा धडधडतं आणि "श्वास रोखून धर" असं त्याला सांगता येत नाही. म्हणून पूर्वी फोटो हलायचे, नाहीतर भूल द्यावी लागायची. दोन एक्सरे ट्यूब असलेली आताची मशीन्स बाळाची अख्खी छाती एका सेकंदाच्या आत टिपतात, त्यामुळे बऱ्याचदा दूध पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून झोपवलं की काम होतं. एमआरआयला अर्धा-पाऊण तास सहज जातो, तिथे हे जमणं अवघड.

पण माझ्या मते मशीनचं कौतुक जरा जास्तच होतं, खरी कसरत कॉन्ट्रास्टची असते, म्हणजे रक्तवाहिन्या चित्रात उजळ दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात त्या औषधाची. आयोडीनचं हे औषध साधारण किलोमागे एक ते दोन मिली, म्हणजे तीन किलोच्या बाळाला जेमतेम चमचाभर, आणि ते हव्या त्या रक्तवाहिनीत पोचलं त्याच क्षणी स्कॅन व्हायला हवा. त्यात या मुलांच्या रक्ताचे रस्तेच वेगळे. फॉन्टान ऑपरेशन झालेल्या मुलात शरीराकडून परतणारं रक्त हृदयाला वळसा घालून थेट फुप्फुसात जातं. हातातून कॉन्ट्रास्ट दिलं तर वरून येणारं उजळ रक्त आणि पायांकडून येणारं साधं रक्त नीट मिसळत नाही आणि चित्रात चक्क गुठळी असल्यासारखं दिसतं! म्हणून तिथे मिनिटभर किंवा जास्त थांबून स्कॅन घेतात.

अजून एक, सलाईनमध्ये हवेचा बुडबुडा. एरवी तो फुप्फुसात अडकून विरतो, पण ज्या बाळाचं अशुद्ध रक्त छिद्रातून थेट शुद्ध बाजूला जातं त्याच्यात तो मेंदूपर्यंत पोचू शकतो, म्हणून नळी पुन्हापुन्हा तपासतात.

रेडिएशनची भीती रास्त आहे, मुलांच्या पेशी जास्त नाजूक असतात आणि पुढचं आयुष्यही लांब असतं. मात्र लहान अंगाला एक्सरे ट्यूबचे ७०-८० किलोव्होल्ट पुरतात, आणि गंमत अशी की कमी व्होल्टेजवर आयोडीन उलट जास्त उजळ दिसतं. चांगल्या सेंटरमध्ये डोस १ मिलिसिव्हर्टच्याही (हे रेडिएशन मोजायचं एकक) खाली ठेवता येतो. निसर्गातूनच आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिळतात. तरी मोठ्यांचं सेटिंग मुलांना लावणं चूकच, आणि "एकदा बघून घेऊ" म्हणून केलेला सीटीही. रक्ताचा दाब किंवा ऑक्सिजन किती आहे हे त्यात कळतही नाही, त्यासाठी कॅथेटर, म्हणजे रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत नेलेली बारीक नळी, घालावाच लागतो.

मुलाचं आधी ऑपरेशन झालं असेल तर जुने कागद स्कॅनच्या आधीच रेडिओलॉजिस्टला दाखवा. रस्ते कसे वळवलेत हे कळल्याशिवाय कॉन्ट्रास्ट हातातून द्यायचं की पायातून, आणि किती वेळ थांबायचं, हे त्यांना ठरवता येत नाही.