पाळण्यातला संगणक आणि हरवलेलं दुसरं टोक

दिवाळीच्या आवराआवरीत ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या काकांच्या कपाटातून एक जुना पाम, म्हणजे हातात मावणारा छोटा संगणक, निघाला. सोबत त्याचा क्रेडल, म्हणजे यंत्र ठेवायचा पाळणा, आणि रबरबँड लावून ठेवलेली नऊ छिद्रांची सीरियल केबल. वागळे इस्टेटमधल्या नोकरीतले सगळे नंबर त्यात आहेत, हा काकांचा धोशा. "अरे, वायर आहे की. लाव आणि काढ फाइल." नव्या लॅपटॉपला ती वायर लावायला जागाच नव्हती. पण खरा घोळ 'फाइल' या शब्दात होता.

हातात मावणाऱ्या संगणकांत तेव्हा दोन घराणी होती म्हणा ना. १९९४चा एचपी २००एलएक्स म्हणजे विंडोजच्या आधीच्या डॉसवर चालणारा खिशातला पीसी. त्यात खऱ्या फाइली असत आणि त्या सीरियल केबलवरून एक्समोडेम किंवा कर्मिटनं पाठवता येत. फाइल पाठवण्याच्या नियमांचे हे दोन्ही संच, म्हणजे प्रोटोकॉल, खिशातल्या यंत्रांच्या कितीतरी आधी जन्मलेले. एक्समोडेम १९७७चा, १२८ बाइटचा एकेक तुकडा पाठवून पोच मागणारा. केबलचा वेग सेकंदाला ९६०० बिट असला तर सेकंदाला जास्तीत जास्त ९६० अक्षरं, कारण प्रत्येक अक्षराच्या आठ बिटांना सुरुवातीची आणि शेवटची अशा आणखी दोन बिटांची जोड. एक एमबी जायला अठरा मिनिटं. तेवढ्यात लोकलनं ठाण्याहून घाटकोपर येतं.

१९९६ साली आलेल्या पायलटनं, म्हणजे पहिल्या पामनं, फाइलीचा हा विचारच सोडून दिला. त्याचे जनक जेफ हॉकिन्स यांच्या मते या यंत्राची स्पर्धा खिशातल्या कागदी डायरीशी होती, पीसीशी नव्हे. म्हणून पाळण्यावर एकच बटण: हॉटसिंक, पाम आणि पीसीवरच्या नोंदी जुळवून घेणारं. आत फाइली नाहीतच, फक्त नोंदी. बदललेल्या नोंदीवर एक खूण पडते आणि नेहमीचाच पीसी समोर असेल तर तेवढ्याच नोंदी ये-जा करतात. एकच नोंद दोन्हीकडे बदलली असेल तर यंत्र निवाडा करत नाही, दोन्ही ठेवतं. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. आजच्या कित्येक अ‍ॅपना एवढं जमत नाही. पहिल्या पायलट १०००ची मेमरी अवघी १२८ केबी होती, त्यामुळे केबलच्या मंदपणाची कोणाला झळही लागत नसे.

पण ती मेमरी रॅम होती. दोन बारीक सेल संपले की सगळं पुसलं जाई. सेल बदलायलाही मिनिटभराचीच सवलत. म्हणजे हॉटसिंक हाच बॅकअप, आणि जपून ठेवलेली प्रत पीसीवरची.

पुढे हरवलं ते केबलचं पीसीकडचं टोक. १९९८च्या आयमॅकनं जुने सीरियल पोर्ट काढून त्यांच्या जागी यूएसबी आणलं. बाकीचेही हळूहळू त्याच वाटेनं गेले. विंडोज सीईवर चालणाऱ्या छोट्या संगणकांचं हॉटसिंकसारखंच अ‍ॅक्टिव्हसिंक विंडोज व्हिस्टाबरोबर मागे पडलं. ६४ बिटी विंडोजवर पामचे जुने यूएसबी ड्रायव्हर चालेनात. गंमत म्हणजे सीरियलवाले जुने पाम यातून बरे सुटले: यूएसबी-टू-सीरियल कन्व्हर्टर लावला की लिनक्सवरचा पायलट-लिंक नावाचा प्रोग्राम त्यांच्याशी अजून बोलतो.

मी तो कन्व्हर्टर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलाही. पाम बोलला, पण कोरा होता. सेल कधीच गळून गेले होते. मग काकूंनी आठवण केली, "अहो, माळ्यावर तो जुना डबा आहे ना?" त्या डेस्कटॉपची हार्ड डिस्क काढली, ती जुन्या आयडीई जोडणीची असल्यानं तिच्या कन्व्हर्टरसाठी लॅमिंग्टन रोडला पुन्हा एक खेप झाली, आणि पाम नावाच्या फोल्डरात काकांच्या नावाखाली पत्त्यांची फाइल सापडली. पामला देवनागरी येत नसे, म्हणून सगळी नावं रोमनमध्ये. निम्मे नंबर सात आकडी, पुढे २ लागण्याच्या आधीचे.